साठ किलोंची अट

शेगडीकाकांच्या घरात चार वर्षे जाळ पेटला नव्हता. त्यांचा धंदाच गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्याचा, त्यामुळे ही गोष्ट लोकांना जरा जास्तच लागायची. न्हाव्याने स्वतःचे केस वाढवले तर कुणी काही बोलत नाही, पण शेगडीवाल्याने कच्चा कोबी खाल्ला की सगळ्या गल्लीचे पोट दुखते, असे काका म्हणत. म्हणजे मनात म्हणत. तोंडाने ते फारसे काही म्हणत नसत.

दुकान आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद होते. मागच्या भिंतीत एक दार, दाराआड एक खोली, खोलीच्या कोपऱ्यात ओटा. पुढे दुकान, मागे घर. दुकानातल्या बाकाखाली दोन पातेली असत. एकात लिंबाच्या पाण्यात काळवंडलेले पितळी बर्नर भिजत पडलेले आणि दुसऱ्यात मूग. नवख्या माणसाला कोणते पातेले कशाचे ते कळायचे नाही. काकांचाही एकदा घोटाळा झाला होता. बर्नर मुगाच्या पाण्यात पडले आणि स्वच्छ झाले नाहीत, एवढेच नुकसान.

शेगडी दुरुस्त झाली की काका तिच्यावर मोजून दोन कप पाणी ठेवत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. साडेतीन मिनिटांत उकळी आली तर शेगडी पास. उकळलेले पाणी फेकून देणे त्यांच्या जिवावर येई, म्हणून त्यात चहाची पूड आणि साखर पडायची. एक कप गिऱ्हाइकाला, एक स्वतःला. दिवसाकाठी पाच-सहा शेगड्या व्हायच्या. म्हणजे कच्चे खाणारा हा माणूस रोज पाच-सहा कप खळखळ उकळलेला चहा प्यायचा. यात काही विसंगत आहे असे त्यांना कधी वाटले नाही. चहा जेवणात येत नाही, कामात येतो, असा त्यांचा हिशेब होता.

हे सगळे सुरू कसे झाले, याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, इतकी ती लहान आहे. काकू गेल्या. पहिले काही दिवस शेजारच्यांनी डबे पाठवले. मग डबे थांबले, आणि ते कधी ना कधी थांबायचेच होते. त्या संध्याकाळी काका कोबीचा एक गड्डा घेऊन आले आणि चिरायला बसले. घरात चिरायचे काम त्यांचे आणि शिजवायचे काकूंचे, अशी बेचाळीस वर्षे वाटणी होती. चिरता चिरता त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. मग आणखी एक. गड्डा चिरून संपला तेव्हा शिजवायला काही उरलेच नव्हते. काकांनी सुरी धुतली, ताट धुतले, आणि आपले पोट भरले आहे असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाजरे आणली.

बस, एवढेच. कुठले पुस्तक वाचले नव्हते, कुणा डॉक्टरने सांगितले नव्हते. सकाळी मोड आलेले मूग आणि एक केळे, दुपारी काकडी, टोमॅटो, भिजवलेले शेंगदाणे, संध्याकाळी कोबी नाही तर मुळा, वर लिंबू. एक ताट चावून संपवायला चाळीस मिनिटे लागायची, पण घरी बोलायला कुणी नव्हते, त्यामुळे तोंड रिकामे असून तरी काय करायचे होते? कुणी उकडलेले अंडे दिले तर ते खात. कुणी सूप दिले तर पीत. नको म्हणायला जितके बोलावे लागते, त्यापेक्षा खायला कमी बोलावे लागते. या खाण्याने त्यांचे काही बरे झाले नाही, कारण आधी काही बिघडलेच नव्हते. उजवा गुडघा दुखायचा, तो दुखतच राहिला.

एकदा एक विमा एजंट शेगडी घेऊन आला. त्याच्या कोटावर हिरव्या पानाचा बिल्ला होता. तो कच्चे खाणाऱ्यांच्या एका मंडळाचा चिटणीस होता आणि काकांची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती.

"काका, तुम्ही आमच्या मंडळात यायलाच हवं," तो म्हणाला. "चार वर्षं म्हणजे तपश्चर्या आहे! आमच्यात कुणी तीन महिन्यांच्या पुढे टिकलेलं नाही."

"काय करावं लागतं?"

"काही नाही. छत्तीस नियम आहेत, ते पाळायचे." त्याने एक पुस्तिका काढली.

काकांनी पुस्तिका घेतली, तिच्यावर हाताची काजळी लागू नये म्हणून कोपऱ्याला धरली आणि दुसऱ्या हाताने चहात बिस्कीट बुडवले.

एजंट बिस्किटाकडे बघत राहिला. "हे... हे काय?"

"बिस्कीट."

"पण ते भाजलेलं असतं!"

"हो, बेकरीवाला भाजतो. मी नाही." काकांनी बिस्कीट खाल्ले. "तुमची शेगडी पास झाली. साडेतीन मिनिटांपेक्षा लवकरच झाली."

पुस्तिका पुढे बाकाचा एक पाय लंगडत होता त्याच्याखाली गेली. छत्तीस नियमांची जाडी बरोबर बसली.

काकांची एकच मुलगी. दुसऱ्या शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळेत तिला सगळे मॅडम म्हणत आणि काका तिला चिमणी म्हणत. चव्वेचाळीस वर्षांच्या मुख्याध्यापिकेला चिमणी म्हणणारा जगात तो एकच माणूस उरला होता. काकू गेल्यापासून तिचे इकडे येणे झाले नव्हते, पण ती रोज संध्याकाळी न चुकता फोन करायची.

"बाबा, काय केलंत आज?"

"कोबी."

"काल पण कोबीच होता ना?"

"काल गाजर पण होतं."

यात एक अक्षरही खोटे नव्हते. कोबी शिजवला का, हे तिने चार वर्षांत कधी विचारले नाही. कोबी केला म्हणजे शिजवला, असे जगातल्या कुठल्याही मुलीला वाटेल. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायची काकांना सवय नव्हती.

हे आणखी किती वर्षे असेच चालले असते कोण जाणे. पण शेजारच्या शिंपीणबाईंना राहवले नाही. त्यांनी एक दिवस चिमणीला फोन लावला. पुढे त्या सगळ्यांना सांगत होत्या की, आपण फक्त काळजीपोटी बोललो. बोललेले वाक्य असे होते : "अगं, तुझे बाबा बकरीसारखा कोबी खातात, आणि आता दिसायलाही तसेच दिसायला लागलेत."

चिमणीच्या शाळेला सुट्टी लागली होती. रविवारी सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी.

तिने काकांना वरपासून खालपर्यंत पाहिले. काकांनी नेहमीचा खाकी डगला घातला होता. त्याला चार मोठे खिसे, आणि चारही फुगलेले, त्यामुळे आत माणूस किती आहे याचा अंदाज येत नव्हता. पण मान दिसत होती.

"बाबा, गळ्याची घाटी किती वर आलीय!"

"ती आधीपासूनच होती."

"आधी दिसत नव्हती." तिने बॅग ठेवली. "बसा. मी चहा टाकते."

काका मुगाची वाटी घेऊन उठले. "दुकानात टाकू. तिथे एक शेगडी तयार आहे."

"दुकानात कशाला? घरात आईची शेगडी आहे की."

ती ओट्याशी गेली. ओट्यावर शेगडी होती. तिच्यावर टोपली होती आणि टोपलीत टोमॅटो. चिमणीने टोपली उचलून बाजूला ठेवली. खाली शेगडीचा नुसता सांगाडा. बर्नर नव्हते. बटणे नव्हती. मागची नळी नव्हती. चार पाय आणि एक पत्रा, एवढेच.

"बाबा, आईची शेगडी कुठंय?"

"आहे."

"कुठे आहे?"

"आहे इथंच. जवळपास."

"म्हणजे?"

काका मूग गिळून बसले. वाटी हातातच होती, त्यामुळे खरोखरचे मूगही त्यांनी दोन-चार खाल्ले. चिमणी त्यांच्याकडे बघत राहिली आणि काका चावत राहिले. मूग नीट चावायला वेळ लागतो.

त्या दिवशी दुपारपर्यंत चार वर्षांचे सगळे कोबी बाहेर आले. चिमणीने रडारड केली नाही, ती तिच्या स्वभावात नव्हती. तिने कागद घेतला, काकांची उंची विचारली, वय विचारले, आणि कागदावर काहीतरी मांडले.

"आई होती तेव्हा तुमचं वजन सहासष्ट होतं. तपासणीचा कागद मी जपून ठेवलाय. तुमच्या उंचीला निदान साठ तरी हवं. शनिवारी आपण वजन करू. साठ किंवा वर भरलं तर राहा इथे, मी एक शब्द बोलणार नाही, मुळा खा नाही तर मुळ्याचा पाला खा. साठच्या खाली भरलं तर दुकानाला कुलूप आणि रविवारी माझ्याबरोबर यायचं. कायमचं."

"शनिवारी?"

"सहा दिवस दिलेत. मी मुलांना तीन देते."

काका चिमणीच्या घरी एकदा राहून आले होते. घर सातव्या मजल्यावर होते, स्वच्छ होते, जावई मोठा चांगला माणूस होता. पण तिथली शेगडी काचेची होती. विजेवर चालायची. काळी, गुळगुळीत, पाटीसारखी. तिला जाळ नव्हता, भोक नव्हते, कुठे पिन घालायला जागा नव्हती. काकांनी तेव्हा तिच्यावरून हात फिरवून पाहिला होता.

आता त्यांनी विचारले, "चिमणे, तुझी ती शेगडी... तिच्यात काही बिघडलं तर?"

"ती बिघडत नाही, बाबा."

"कधीच?"

"सहा वर्षं झाली. कधीच नाही."

काका उठून पुढे गेले. नंतर बराच वेळ ते दुकानात बसून एका बर्नरच्या भोकांमध्ये पिन घालत होते. बर्नर आधीच साफ होता.

सोमवारपासून खाणे सुरू झाले. घरात शेगडी नाही म्हटल्यावर चिमणीने दुकानातल्या दुरुस्त झालेल्या शेगड्यांवर स्वयंपाक मांडला. एक गिऱ्हाईक आपली शेगडी न्यायला आला तर तिच्यावर भात शिजत होता. त्याला स्टुलावर बसवून ठेवले आणि भात झाल्यावर त्यालाही वाढला. तो म्हणाला, "काका, शेगडी चांगली झाली. मीठ जरा कमी आहे."

बातमी गल्लीभर झाली. काका गेले तर शेगडी दाखवायची कुणाला, हा प्रश्न आता कुठे लोकांना पडला. त्यांनी आपल्या परीने उपाय केला. शिंपीणबाईंनी तोंडाला कुलूप लावले आणि दोन वेळा लोणी लावलेला पाव पाठवला. पलीकडच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी रोज तीन उकडलेली अंडी, जशी तार पोचवावी तशी, वेळेवर आणून दिली. कुणी सूप, कुणी तळलेले बटाटे. काकांना कशाचीच बंदी नव्हती, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नव्हते. ते सगळे खात गेले.

मंगळवारी चिमणी शिंपीणबाईंकडे गेली. बोलणे झाले, आणि शिंपीणबाई चहा ठेवायला उठल्या. त्यांनी शेगडीचे बटण फिरवले आणि चिमणीचे लक्ष तिथेच अडकले. बटणाला मधोमध तडा होता आणि त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली होती. नऊ वेढे. ती पाचवीत होती तेव्हा तिच्याच हातून खलबत्ता पडून ते बटण फुटले होते, आणि बाबांनी त्याला तार गुंडाळली तेव्हा तिने वेढे मोजले होते.

"हे आमचं बटण आहे."

"हो, तुमचंच की," शिंपीणबाई म्हणाल्या. "माझं तुटलं, आणि तसलं आता मिळत नाही. ती कंपनीच बंद पडली. जुन्या शेगड्या वापरणारे आम्ही चार-पाच जणच उरलोय. काका म्हणाले, माझ्याकडे एक आहे. दुसऱ्या दिवशी बसवून दिलं. पैशांचं नावसुद्धा काढू दिलं नाही गं."

"आणि बाकीचं?"

"लहान बर्नर पोस्टमास्तरांकडे. नळी त्या दवाखान्यातल्या आयाबाईंकडे. दुसरं बटण कोपऱ्यावरच्या पेंटरकडे असेल बघ."

चिमणी सगळीकडे जाऊन आली. पोस्टमास्तरांनी तिला बर्नर पेटवून दाखवला. निळी, आखूड, एकसारखी ज्योत. ते म्हणाले, "तुझ्या आईचा आहे हे माहीत आहे मला. म्हणून मी त्याच्यावर काही उतू जाऊ देत नाही." ती त्या ज्योतीकडे थोडा वेळ पाहत उभी राहिली, आणि मग परत आली ती तडक दुकानात.

"बाबा, आईची शेगडी तुम्ही लोकांना वाटून टाकलीत?"

काकांनी पक्कड खाली ठेवली. "वाटली नाही. बसवली."

"मला सांगायचं तरी!"

"तुला वाटलं असतं मोडली म्हणून. मोडलेली नाही ती. सगळी चालू आहे."

"आणि मोठा बर्नर? तो कुणाकडेच नाही. मी सगळ्यांना विचारलं."

काकांनी पक्कड पुन्हा उचलली आणि कामाला लागले. चिमणी वाट पाहून आत निघून गेली.

बुधवारी काकांच्या पोटाने हात टेकले. चार वर्षे ज्याला मुख्यतः मुळा आणि काकडीचीच सवय होती, त्या पोटावर दोन दिवसांत सहा अंडी, लोणी-पाव, सूप, भात आणि तळलेले बटाटे एकदम येऊन आदळले होते. बुधवारचा दिवस आणि गुरुवारची सकाळ काकांनी मुख्यतः घर ते सार्वजनिक संडास या वाटेवर काढली. वाटेत भेटेल तो विचारी, "काय काका, खाताय ना नीट?" आणि काका म्हणत, "खातोय, खातोय," पण थांबत नसत.

शुक्रवारी त्यांनी चिमणीच्या नकळत अर्धी काकडी आणि एक केळे खाल्ले. पोट शांत झाले. पण डगला अंगावर लोंबत होता, हे त्यांचे त्यांनाच दिसत होते. त्या संध्याकाळी त्यांनी दुकानातल्या वस्तू पुसून एका खोक्यात रचायला घेतल्या. पिना एका डबीत, नट पिळायचे पाने दुसऱ्या डबीत. राहिलेल्या तीन शेगड्यांवर गिऱ्हाइकांची नावे लिहून चिकटवली. कुणी सांगितले नव्हते. चिमणी आतल्या दारातून बघत होती. तिला काचेच्या शेगडीबद्दलचा रविवारचा तो प्रश्न आठवला, आणि आपण किती झटकन उत्तर दिले तेही आठवले.

शनिवारी सकाळी दहा वाजता वजन ठरले होते. गल्लीत माणसांचे वजन करायचा काटा नव्हता. दोन दुकाने सोडून भंगारवाला होता, त्याच्याकडे जमिनीवर ठेवायचा लोखंडी काटा होता. त्यावर तो रद्दी, पत्रा आणि पितळ जोखायचा. काका त्याला वर्षानुवर्षे जळके बर्नर विकत आले होते. आज स्वतः काट्यावर चढायचे होते.

भंगारवाल्याने हळूच काकांच्या कानाशी तोंड नेले. "काका, माझा पाय चुकून टेकू शकतो काट्याला. दोन-तीन किलोंनी मला काही फरक पडत नाही."

"नको."

"ताईंना कळणारपण नाही."

"मला कळेल ना," काका म्हणाले. "आजवर तुझ्या काट्यावर भरवसा ठेवलाय. आज तरी तो बिघडवू नकोस."

शिंपीणबाई सुई-दोरा हातात तसाच घेऊन आल्या होत्या. पोस्टमास्तर आले होते, खिशात एक अंडे होते, पण आता उशीर झाला होता.

काका काट्यावर चढले. भंगारवाल्याने वजने सरकवली, दांडी स्थिर केली आणि खड्या आवाजात म्हणाला, "एकसष्ट, शंभर!"

"झालं!" शिंपीणबाई म्हणाल्या. "एकसष्ट! लोणी अंगी लागलं!"

पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली. काकांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. त्यांना स्वतःलाच ते पटलेले नव्हते. चिमणी शांतपणे त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, तशी ती परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्या बाकापुढे उभी राहत असेल.

"बाबा. खिसे."

काकांनी खाली पाहिले. खिसे हे त्यांच्या लक्षातच नव्हते. आपले हात आपल्याबरोबर आहेत हे जसे कुणाच्या लक्षात नसते, तसे. ते ओशाळले आणि एकेक वस्तू काढून देऊ लागले. पक्कड. दोन पाने. स्क्रू ड्रायव्हर. पिनांची पत्र्याची डबी. रबरी नळीचा तुकडा. एक लिंबू. एक अर्धे गाजर, रुमालात गुंडाळलेले. चिमणीने सगळे शेजारच्या रद्दीच्या गठ्ठ्यावर मांडून ठेवले. शेवटी आतल्या खिशातून, जरा अडखळत, काकांनी एक जड पितळी बर्नर काढला. त्याच्या कडेचा एक दात तुटलेला होता.

"आता बघा," चिमणी भंगारवाल्याला म्हणाली, पण तिचे डोळे बर्नरवर होते.

भंगारवाल्याने वजन मागे सरकवले. आणखी मागे सरकवले. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता. "अठ्ठावन्न, सातशे."

पोस्टमास्तर दुसरीकडे बघू लागले. काका काट्यावरून उतरले आणि म्हणाले, "बरं. कुलूप आतल्या खिळ्याला आहे, मी आणतो." आणि ते निघालेही. वाद घालायचा असतो हे त्यांच्या डोक्यातच आले नाही. अट होती आणि ते नापास झाले होते.

"थांबा, बाबा," चिमणी म्हणाली. तिने बर्नर हातात घेतला होता. "हा मोठा बर्नर ना? आईचा?"

"हो."

"हा दिला नाहीत कुणाला?"

"नाही बसला कुणाला."

"किती जणांच्या शेगडीला लावून बघितलात?"

काकांना खोटे पटकन जुळवता येत नसे. "कुणाच्याच नाही," ते म्हणाले.

चिमणीने बर्नर उलटा केला, सुलटा केला. तुटलेल्या दातावर अंगठा फिरवला. तिच्या शाळेत तिने बावीस वर्षांत कुणाला एक वाढीव गुण दिला नव्हता आणि त्याबद्दल ती प्रसिद्ध होती.

"हे सगळं रोज अंगावर असतं?" तिने विचारले.

"कोणतं?"

"हे. पक्कड, पाने, हे."

"रोज."

"जेवताना?"

"हो."

"झोपताना?"

"झोपताना पक्कड काढतो. टोचते."

"आणि हा?"

काकांनी मान हलवली, म्हणजे नाही, तो काढत नाहीत.

"या इकडे. चढा काट्यावर पुन्हा."

काका चढले. चिमणीने एकेक वस्तू त्यांच्या खिशात परत ठेवायला सुरुवात केली. पक्कड, पाने, स्क्रू ड्रायव्हर, डबी. नळीचा तुकडा. लिंबू. गाजर ठेवताना ती थांबली, त्याच्याकडे बघितले आणि तेही ठेवले. बर्नर तिने शेवटी ठेवला, आतल्या खिशात, आणि वरून डगल्याचे बटण लावले.

"माणूस रोज जे अंगावर वागवतो ते त्याच्या वजनात धरायचं," ती म्हणाली. वर्गात नियम सांगावा तशा आवाजात, जणू तो आधीपासूनच कुठेतरी लिहिलेला होता. "काय भरलं?"

"एकसष्ट, शंभर," भंगारवाला म्हणाला. या वेळी त्याने काट्याकडे पाहिलेही नाही.

"पास," चिमणी म्हणाली. "पण दर महिन्याला वजन करायचं आणि मला कळवायचं. आणि अंडं रोज एक. तीन नाही."

"ते मी बघतो," पोस्टमास्तर म्हणाले, आणि खिशातले अंडे काढून काकांच्या हातात दिले.

काका काट्यावरच उभे होते. उतरायचे त्यांच्या लक्षात आले नव्हते. मग त्यांनी अंडे फोडले, अर्धे चिमणीला दिले आणि अर्धे स्वतः खाल्ले. खोक्यात रचलेल्या वस्तू त्यांनी त्याच दुपारी पुन्हा बाहेर काढल्या. त्यांतली एक डबी दोन दिवस सापडली नाही, एवढाच त्या आठवड्याचा तोटा.

रविवारी चिमणी गेली. जाताना तिने ओट्यावरच्या शेगडीच्या सांगाड्यावर टोमॅटोंची टोपली होती तशी ठेवली.

महिना झाला. संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, काय केलंत आज?"

"कोबी," काका म्हणाले. मग जरा थांबून, "कच्चा."

"बरं. आणि वजन?"

"एकसष्ट, चारशे."

"तीनशे ग्रॅम वाढलं? बाबा, खिशात काय जास्तीचं आहे?"

काकांनी खिसा चाचपला. "मुळा आहे."

"तो रोजचा नाही. तो धरायचा नाही."

"बरं," काका म्हणाले. "मग खाऊन मोजतो."